तेरावी पाकळी

माझ्या दुकानात शिरलं की समोरच पाटी दिसते : ‘फाईल तपासल्याशिवाय कापणार नाही. वाद घालू नये.’ दुसरं वाक्य मी नंतर वाढवलं, आणि ते का वाढवावं लागलं हे गिऱ्हाइकांना विचारा.

मी लेझरवर लाकूड, पुठ्ठा, अॅक्रिलिक असलं काही काही कापून देते. लोक घरून कॉम्प्युटरवर चित्र काढून आणतात. दहातल्या चार जणांच्या चित्रात एकाच रेषेवर तीच रेष दोनदा, कधी तीनदा बसलेली असते. कंट्रोल आणि डी ही बटणं एकत्र दाबली की चित्राची नक्कल होते. नक्कल जागची हलली नाही तर ती मूळ चित्रावर अशी बेमालूम बसते की डोळ्याला एकच दिसतं. माणसाला वाटतं काही झालंच नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. लेझरला मात्र सगळ्या नकला दिसतात, आणि सांगितलं तेवढं करायचं यापलीकडे त्याला अक्कल नसते. तो त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जातो आणि लाकडाचा कोळसा करतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं मशीन बिघडलंय. नाचता येईना अंगण वाकडं.

तर त्या सोमवारी पाटीसमोर जो माणूस उभा होता तो वाचनालयाचा ग्रंथपाल होता. सोबत हमालाच्या डोक्यावर एक जुनी फळी. मोठ्या वाचन-दालनातल्या खिडकीला लाकडी जाळ्या आहेत, सात खण, सात जाळ्या. त्यांतली पाचवी वरच्या पाइपाच्या गळतीने कुजून गेली होती.

“मूळ लाकडातली एवढी एकच फळी कोठारात सापडली,” तो म्हणाला. “शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाचवी जाळी मिळाली तर बसवू. नाहीतर समितीचं ठरलंय, सातही काढायच्या आणि सरळ काच लावायची. काचवाल्याला मला पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.”

“त्यात काय मोठंसं,” मी म्हटलं. “चौथ्या जाळीची नक्कल करते. दोन तासांचं काम.”

“बाई, सातही जाळ्या वेगळ्या आहेत. दर खणात वेगळं फूल. तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच आत्याबाईंनी काढलेल्या आहेत ना?”

त्या खिडकीखाली बसून मी शाळेची अख्खी वर्षं अभ्यास केला. सावली वहीवर पडायची. त्या सावलीतली फुलं वेगवेगळी आहेत हे मला आज एक परका माणूस सांगत होता. मला राग आला. नेहमीप्रमाणे चूक माझी होती आणि राग त्याच्यावर आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चाळीस वर्षं तिने एका सुतारकारखान्यात जाळ्यांचे नमुने काढले. कंपास, पट्टी, पेन्सिल आणि मोठा पांढरा कागद. ती काढायची आणि सुतार बारीक करवतीने कापायचे. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “मध्ये वेळच मिळाला नाही.” रेष कशी बघायची हे मला तिनेच शिकवलं. माझं नावसुद्धा तिनेच पाडलं : तोफ.

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी बोटं, मग मनगट. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण जाणारही नाही. तेव्हापासून तिने पेन्सिल धरली नाही. चहा मोठ्या कपात अर्धाच घ्यायची आणि कोणी आलं की हात स्वेटरच्या खिशात ठेवायची. तिला वाटायचं, आम्हाला दिसत नाही.

पाचव्या जाळीचा कागद कारखाना बंद पडला तेव्हाच रद्दीत गेला होता. ग्रंथपालाकडे एकच फोटो होता, कसल्याशा सत्काराचा. त्यात पाचव्या फुलाच्या बरोबर समोर एका टकल्या पाहुण्याचं डोकं आलेलं. कानाच्या बाजूने चार-पाच पाकळ्या डोकावत होत्या, बाकी सगळं डोकं.

मंगळवारी मी आत्याकडे गेले. तिने फोटो बघितला, बाजूला ठेवला.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली.

“असं कसं आठवत नाही? तूच काढलंस ना?”

“मी नाही काढलं. यानं काढलं.” तिने खिशातून हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. बोटं टेबलावर आपोआप वाजत होती. “डोक्यात काही ठेवायची वेळच यायची नाही. हे फूल याच्या लक्षात होतं. विचार याला.”

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हटलं, “ठीक आहे. मग लागू दे काच. सात जाळ्या भंगारात जाऊ देत. तू बस इथे हात खिशात घालून.” आणि निघून आले. उचलली जीभ लावली टाळ्याला. रस्ताभर माझी मलाच लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी दुकान उघडायला गेले तर ती पायरीवर बसलेली. दोन बस बदलून आली होती.

“तुझ्या त्या मशीनवर हात चालतो का माझा, बघू,” ती म्हणाली.

मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, एक वर्तुळ काढून दिलं आणि हातात माउस दिला. पडद्यावरचा बाण दिव्याभोवतीच्या चिलटासारखा नाचायला लागला. तिने वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत एक रेष ओढायचा प्रयत्न केला. रेष मध्यापासून निघाली नाही आणि कडेपर्यंत पोचली नाही. दुसरी ओढली. ती पहिलीपेक्षा वाईट. तिने माउस हळूच खाली ठेवला आणि हात खिशाकडे नेला.

“थांब,” मी म्हटलं. “स्नॅप बंद आहे.”

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक बटण आहे. ते चालू असलं की बाण एखाद्या नेमक्या जागेच्या जवळ आला, म्हणजे वर्तुळाचा मध्य, दोन रेषांची फुली, कोपरा, तर तो आपोआप त्या जागेवर जाऊन चिकटतो. तिथे बारीकसा निळा ठिपका उमटतो. मी रोज शंभर वेळा वापरते. पंखा लावावा तसं मी ते बटण लावलं.

आत्याने पुन्हा माउस धरला. बाण नाचत नाचत मध्याजवळ आला आणि गप्प उभा राहिला. निळा ठिपका उमटला. तिचा हात तसाच हलत होता, मनगटसुद्धा. बाण हलत नव्हता.

तिने हाताकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा हाताकडे.

“कोणी धरलं?” तिने विचारलं.

“सॉफ्टवेअरने.”

“मी तर तिथे नेलंच नव्हतं. इकडे तिकडे चाललं होतं माझं.”

“जवळपास आणलंस ना? तेवढं पुरतं. पुढचं ते बघतं.”

तिने बाण तिथून सोडवून लांब नेला, पुन्हा जवळ आणला. ठिपका. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. ठिपका. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. वर्तुळाच्या कडेवर केलं, कोपऱ्यावर केलं. मग एक रेष ओढली, मध्यापासून कडेपर्यंत. सरळ, नेमकी. तीन वर्षांतली तिची पहिली रेष. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात नेला तो हलत असल्यामुळे नाकाला लागला. आम्ही दोघी हसलो.

मी पंधरा वर्षं हे बटण वापरतेय. गाढवाला गुळाची चव काय. माझे हात धड होते म्हणून मला कधी कळलंच नाही की कोणीतरी दर वेळी शेवटची सुताएवढी वाट माझ्याऐवजी चालून जातंय. त्या दिवशी तिच्या खुर्चीमागे उभी राहून मी ते बघत होते. एवढंसं काहीतरी, कुठल्यातरी माणसाने कधीतरी बसून लिहिलेलं, आणि ते एका थरथरत्या हाताला म्हणत होतं, तू जवळ ये, मी आहे.

मग खरी गंमत सुरू झाली. वर्तुळाचे बारा भाग मी पाडून दिले होते. आत्याचा हात एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला लागला. तोंडाने ती पुटपुटत होती, “इथून तिकडे… मधलं सोडायचं… तिसरं… आता आत यायचं.” ती पडद्याकडे बघत होती असंही मला वाटेना. हात वाटेत कितीही भरकटला तरी मुक्काम चुकत नव्हता, कारण मुक्काम त्याला ओढून घेत होते. दीड तासाने पडद्यावर एक पाकळी होती. लांबट, मध्ये चिरलेली, टोकाशी जराशी वळलेली. मी सत्काराचा तो फोटो शेजारी धरला. टकल्या पाहुण्याच्या कानामागून तीच पाकळी डोकावत होती.

“याच्या लक्षात होतं,” आत्या म्हणाली.

“झालं की मग.”

“कुठे झालं? अजून अकरा आहेत. अकरा दिवस लागतील मला.”

“एक मिनिट लागेल,” मी म्हटलं.

पाकळीची नक्कल केली, वर्तुळाच्या मध्याभोवती तीस अंश फिरवून ठेवली. “आता बघ. एकदा असं करून दाखवलं की हे त्याच्या लक्षात राहतं. यानंतर कंट्रोल धरून डी दाबलंस की ते पुन्हा तेवढंच फिरवून पुढची नक्कल ठेवेल. दाब.”

तिने डाव्या हाताने कंट्रोल धरलं, उजव्या बोटाने डी. पाकळ्या पडद्यावर सरसर उमटल्या, तीन, पाच, नऊ, आणि वर्तुळ भरलं. पाचवं फूल. तीस वर्षांपूर्वीचं, मी ज्याच्या सावलीत गणितं सोडवली होती ते.

आत्या खुर्चीत मागे टेकली. “अगं आई गं,” एवढंच म्हणाली, अगदी हळू. मग बराच वेळ ती फुलाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ग्रंथपालाचा फोन आला तो मी घेतला नाही.

गुरुवारी मी फुलाभोवतीची चौकट आणि जाळीचा बाहेरचा भाग काढला. शेजारच्या चौथ्या आणि सहाव्या जाळीची मापं घेऊन आले, म्हणजे कडा जुळतील. आत्या मागे बसून दर रेषेला नाक मुरडत होती. शुक्रवारी सकाळी फळी मशीनमध्ये ठेवली, झाकण लावलं. पडद्याने दाखवलं : बावन्न मिनिटं. मला वाटलं होतं अर्धा तास लागेल. म्हटलं, आत्याचं काम आहे, नाजूक असणारच.

मशीन सुरू झालं. चौकट नीट कापत होतं. मी फोन घेऊन दारात आले आणि ग्रंथपालाला म्हटलं, “संध्याकाळी येऊन बघाच. केसाचा फरक सापडला तर दुकान बंद करीन.” असं बरंच काही बोलले. आठवडाभर धाकात काढल्यावर बढाया मारायला बरं वाटतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोलता बोलता नाकात जळका वास आला.

धावत आत गेले. आत्या झाकणाच्या काचेपुढे स्टूल घेऊन शांत बसली होती. आत फुलाच्या जागी धूर होता. मी मशीन बंद केलं, झाकण उघडलं. पाकळ्यांमधल्या बारीक पट्ट्या जळून काळ्या झाल्या होत्या, दोन तर बोट लावताच खाली पडल्या. फूल गेलं होतं. एकुलत्या एका फळीतलं.

“तू बघत होतीस ना?” मी ओरडले. “तीन-तीनदा फिरलं असेल ते! मला हाक का नाही मारलीस?”

“मला वाटलं, दुसरा हात देतंय,” आत्या म्हणाली. “सुतार नाही का देत? पहिला हात, दुसरा हात, मग घासून.”

“लेझर दुसरा हात देत नाही! लेझर काय सुतार आहे का? किती वेळा दाबलंस तू ते डी?”

“अगं, बोट थरथरतं माझं. ते किती वेळा लागलं हे मला कसं कळणार? पडद्यावर तर बाराच होत्या.”

माझ्या तोंडाचा पट्टा अजून चालला असता, पण तिच्या डोक्यावरून मला समोरची भिंत दिसली आणि भिंतीवरची पाटी. दर गिऱ्हाइकाची फाईल मी तपासते. शाळेतल्या पोरांनी आणलेलं पुठ्ठ्याचं घरसुद्धा तपासते. ही तपासली नव्हती. आत्याचं काम काय तपासायचं, असं म्हणून. दिव्याखाली अंधार. मी स्टुलावर बसले, म्हणजे ती बसली होती त्याच स्टुलाच्या कडेवर, आणि म्हटलं, “चूक माझी आहे. तुझी नाही. माझी आहे.”

तिचं लक्ष नव्हतं.

“किती झाल्या होत्या?” तिने विचारलं.

मी फाईल उघडली, फूल निवडलं. खाली आकडा आला. “एक्केचाळीस.”

“एक्केचाळीस पाकळ्या?”

“बारा पाहिजे होत्या. वर्तुळ भरल्यावरही तुझं बोट दाबत राहिलं, त्यामुळे पुढच्या पुन्हा पहिल्यापासून बसत गेल्या. पाच पाकळ्यांवर चार-चार आहेत, सातांवर तीन-तीन.”

“मग दिसल्या का नाहीत?”

“कशा दिसणार? एकावर एक बसल्या.”

“एकावर एक म्हणजे किती एकावर एक?”

मला हा प्रश्न कळला नाही. पण ती ज्या सुरात विचारत होती तो सूर मी लहानपणी ऐकलेला होता, कागदावर वाकून एखादी रेष तपासताना. मी एका पाकळीचं टोक मोठं केलं. एक रेष. आणखी मोठं केलं. एक रेष. पेन्सिलीचं टोक पडदाभर होईल एवढं मोठं केलं.

“अजून कर,” ती म्हणाली.

“याहून मोठं होत नाही.”

एकच रेष होती.

आत्याने पडद्याला बोट लावलं. बोट काचेवर टकटक वाजत होतं. “तोफे,” ती म्हणाली, “चाळीस वर्षं मी वर्तुळाचे बारा भाग पाडले. कंपास तेवढाच उघडायचा, एकेक पाऊल टाकत जायचं. बारा पावलं झाली की पहिल्या खुणेवर यायला पाहिजे. कधीही आलं नाही. एकदाही नाही. केसभर अलीकडे, नाहीतर केसभर पलीकडे. पेन्सिलीला जाडी असते, कंपासाचं टोक भोकात हलतं, कागद ओलसर हवेत फुगतो. उरलेलं ते केसभर मी बारा भागांत वाटून टाकायची. इतकं बारीक वाटायची की सुतारालाही कळायचं नाही. सगळे म्हणायचे, काय हात आहे. मला माहीत असायचं, वर्तुळ मिटलेलं नाही. मी फक्त झाकलंय.”

मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

“आणि इथे माझ्या या दळभद्री बोटाने ते तीनदा फिरवलं,” ती म्हणाली. “तीन फेरे मारून पाकळी पुन्हा घरी आली आणि शेजारणीला धक्कासुद्धा लागला नाही. इतकी नेमकी आली की तुला दिसली नाही. तुला. म्हणून जळलं ना?”

“म्हणूनच जळलं.”

ती हसली. एकुलती एक फळी जळालेली, साडेबारा वाजलेले, पाचला काचवाल्याला निरोप जाणार होता, आणि ही बाई लहान मुलीसारखी हसत होती. मला रागवायचं होतं पण जमेना. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मीच पडद्यावरच्या त्या एका रेषेकडे बघायला लागले. एकाखाली एक चार रेषा, आणि मध्ये काहीच नाही. मी हजार वेळा शिव्या घातलेली गोष्ट होती ती.

“बाहेरचा भाग धड आहे ना?” आत्याने एकदम विचारलं.

होता. जळलं होतं ते फक्त मधलं फूल. चौकट माझी होती, तिच्यात नकला नव्हत्या.

“मग मधलं काढून टाक. फुलाभोवती जी कडी आहे तिथून. गोल नको कापू, बाराकोनी काप. उरलेल्या पट्टीतून नवीन फूल काढ, तेवढंच बाराकोनी, आणि आत बसव.”

फळीची नऊ इंच रुंदीची पट्टी उरली होती. फूल आठ इंचांचं. बसत होतं. मी म्हटलं, “सांधा दिसेल.”

“दिसू दे. नमुन्यातली रेष वाटेल. गोल सांधा वेडा दिसला असता.”

हे मला सुचलं नसतं. माझ्या डोक्यात तोवर फक्त ग्रंथपालाची माफी कशी मागायची हेच चाललं होतं. मग मात्र मी कामाला लागले. लेझरचा किरण जातो तिथलं लाकूड जळून जातं, तेवढी फट राहते. म्हणून नवीन तुकडा त्या जाडीएवढा मोठा धरला. जादा पाकळ्या काढून टाकल्या. फाईल दोनदा तपासली, तिसऱ्यांदा आत्याने माझ्याकडून तपासून घेतली. आकडा बारा. आत्या “मोज” म्हणाली, तेव्हा बोट लावून मोजल्या.

चार वाजता जाळी टेबलावर आडवी होती, मध्ये बाराकोनी भोक. शेजारी नवीन फूल, अजून कोमट. तेवढ्यात ग्रंथपाल आला. टेबलावरचं भोक बघून त्याचा चेहरा पडला. त्याने खिशातून फोन काढून हातात धरला.

“बसवायचं राहिलंय फक्त,” मी म्हटलं आणि तुकडा उचलायला गेले.

आत्याने माझा हात बाजूला केला.

“आत्या, जपून. कडा बारीक आहेत.”

“सरक,” ती म्हणाली.

तिने फूल दोन्ही हातांत घेतलं. परक्या माणसासमोर, उघड्यावर. फूल भोकावर नेलं तसं ते लाकडावर खडखड वाजायला लागलं. कडेवर आपटलं, तिरकं झालं, फिरलं. माझे हात दोनदा पुढे गेले आणि दोनदा मी ते मागे घेतले. हात थरथरत असल्यामुळे फूल भोकावर एका जागी राहतच नव्हतं, जरा इकडे फिरायचं, जरा तिकडे. आणि मग ते फिरता फिरता आत गेलं. आवाज झाला नाही म्हटलं तरी चालेल. तिने बोटं सोडली. जाळी सपाट होती, आणि पाकळ्यांची टोकं बाहेरच्या रेषांना भिडली होती, बारा ठिकाणी.

ग्रंथपाल वाकला. त्याने सांध्यावरून नख फिरवलं. मग सरळ झाला, फोन लावला आणि म्हणाला, “काच नको. हो, कायमचीच नको.” बोलताना तो जाळीकडेच बघत होता.

मी जाळी गुंडाळायला कापड काढलं. पण आत्याने खालून बोट लावून फूल वर ढकललं आणि बाहेर काढलं.

“आता काय?” मी म्हटलं.

तिने ते थोडं फिरवलं, एक घर पुढे, आणि पुन्हा सोडलं. खडखड वाजलं आणि बसलं. टोकं भिडली. पुन्हा काढलं, आणखी एक घर. बसलं. तिच्या कागदावरची फुलं अशी बसली नसती. कागदावरच्या फुलाला एकच जागा असते, कारण केसभर कुठे लपवलंय ते त्यालाच माहीत असतं. हे फूल कुठूनही बसत होतं. ती फिरवत होती आणि बसवत होती. ग्रंथपालाला जायचं होतं, पण तो गेला नाही. त्याने खुर्ची ओढून घेतली. मी मनात मोजत होते. नऊ. दहा. अकरा. बारा. दर वेळी हात तसेच थरथरत होते, आणि दर वेळी फूल बसत होतं.

तिने पुन्हा काढलं.

“आत्या,” मी म्हटलं, “बारा झाले. आता परत पहिलीच जागा येणार.”

“माहितेय,” ती म्हणाली. “तेच बघायचंय मला.”